दोघांमध्ये तिसरा : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

गेल्या अंकात मोबाइल आणि नातेसंबंध या विषयावर प्रश्न मागवले होते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून पत्रे आली. बहुतेकांची तक्रार मोबाइलविषयी होती, पण वाचता वाचता लक्षात येत गेले की दुखणे कोणत्या तरी एका माणसाविषयीचे आहे. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि गावे गाळली आहेत. ज्या विषयावर आपण बोलत आहोत, त्यात एवढे पथ्य पाळायलाच हवे.

प्रश्न : माझे वडील तीन महिन्यांपूर्वी छत्रपती संभाजीनगरच्या एका रुग्णालयात पहाटे वारले. कागदपत्रे, बिल, रुग्णवाहिका यांत दोन तास गेले. बहीण पुण्याला असते. तिला एकदम धक्का बसू नये म्हणून आधी मेहुण्यांना सांगायचे मनात होते, पण त्यांचा फोन लागेना. तेवढ्यात चुलत्यांकडून कळलेल्या गावातल्या एका मुलाने वडिलांचा फोटो ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून गावाच्या ग्रुपवर टाकला. बहिणीने सकाळी दूध तापत ठेवून मोबाइल उघडला आणि तिला तो दिसला. ती आजवर एवढेच म्हणाली, ‘दादा, मला तुझ्या तोंडून कळायला हवं होतं.’ ग्रुपवर दोनशेहून अधिक लोकांनी जोडलेले हात पाठवले. संध्याकाळी घरी आठ माणसे आली. चूक कोणाची झाली? आणि गाव कुठे गेले?
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : तुमचे पत्र वाचल्यावर मी त्या दिवशी दुसरे पत्र उघडले नाही. दूध तापत ठेवून उभी असलेली तुमची बहीण डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

आपल्याकडे मरणाची बातमी पोचवण्याची एक रीत होती. लेक सासरी असेल तर भावकीतला एखादा जाणता माणूस निरोप घेऊन जाई, आणि तो दारात उभा राहून ‘वडील गेले’ असे कधीच म्हणत नसे. ‘दादांची तब्येत जरा जास्त आहे, तुला बघावंसं म्हणतायत, चल’ असे सांगून तो तिला एसटीत बसवी. वाटेत त्याच्या गप्प बसण्यावरून तिला हळूहळू उमगत जाई, आणि गावाची वेस येईपर्यंत तिचे मन त्या आघाताला सामोरे जाण्याच्या तयारीला लागलेले असे. ते खोटे आहे हे सगळ्यांना माहीत होते, बहुधा तिलाही. तरी त्या बातमीबरोबर एक ओळखीचा चेहरा येत होता, कोसळली तर धरायला हात होता. ग्रुपवरची बातमी किराणा दुकानदाराला, गाव सोडून वीस वर्षे झालेल्या माणसाला आणि पोटच्या लेकीला एकाच क्षणी, एकाच आकारात दिसते. वडिलांच्या जाण्याच्या बातमीत तुमच्या बहिणीचा नंबर दोनशे जणांत कुठेतरी लागला. मला वाटते, तिला लागले ते हेच.

त्या मुलाला दोष देण्याचा मला धीर होत नाही, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या सुनेला दिवस गेल्याचे कळले त्या संध्याकाळी आनंदाच्या भरात मी ते घरच्या ग्रुपवर लिहिले. ती माझ्याशी भांडली नाही. फक्त म्हणाली, ‘आई, हे मला माझ्या आईला सांगायचं होतं.’ त्या ग्रुपवर तिच्या आईही होत्या. ती बातमी सांगण्याची संधी आयुष्यात एकदाच येते आणि ती मी तिच्या हातून काढून घेतली होती. तेव्हापासून मी स्वतःला विचारते की ही बातमी कोणाची आहे. आणि जिची आहे तिने सांगितल्याशिवाय मी ती पुढे नेत नाही.

बोटाच्या एका दाबासरशी बातमी सगळ्यांपर्यंत जावी, अशीच या साधनाची रचना आहे. मध्ये कुठे थबकायला जागाच नाही. त्या जागेचे मोल आपण फार वाईट प्रसंगातून शिकलो आहोत. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच माणसांना ठार मारले. देशात ठिकठिकाणी असे प्रकार घडत होते, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. छोटासाच अडथळा, पण तो हवा होता हे ते साधन बनवणाऱ्यांनाही मान्य करावे लागले. आपल्या गावाच्या ग्रुपला असा अडथळा आपणच घालू शकतो. ग्रुप चालवणाऱ्यांशी बोला आणि ठरवा की मयताची बातमी त्या घरातील माणसाने स्वतः ‘आता कळवा’ म्हटल्याशिवाय कोणी टाकणार नाही. हे ठरवायला ग्रामसभेची गरज नाही.

बहिणीकडे मात्र स्वतः जा, फोन करू नका. ‘तुझ्या तोंडून कळायला हवं होतं’ यात मला तक्रारीपेक्षा मागणी अधिक ऐकू येते. तिला अजूनही ते तुमच्या तोंडून ऐकायचे आहे. आदल्या रात्री वडील काय बोलले, त्यांनी पाणी किती वेळा मागितले, तिचे नाव निघाले का, उशाशी कोण बसले होते, शेवटी त्यांचा हात कोणाच्या हातात होता, हे तुम्हीच तिला सांगू शकता. ग्रुपवरच्या दोनशे जणांपैकी ते कोणालाच ठाऊक नाही.

आता जोडलेल्या हातांविषयी. ते खोटे होते असे मी म्हणणार नाही. पाठवताना पुष्कळांना खरोखर वाईट वाटले असेल. पण ते चिन्ह पाठवले की आपले कर्तव्य झाले असे मनाला वाटते आणि उठून जाण्याची निकड संपते. पूर्वी दुखवट्याला आलेला माणूस वाड्याच्या ढाळजेत तासभर बसून राही आणि दोन वाक्येसुद्धा बोलत नसे. चूल बंद असलेल्या घरी शेजारून पिठलं-भाकरी येई आणि ती आणणारी बाई निमूटपणे ताटे वाढून जाई. त्यात सांगण्यासारखे काही नव्हते, म्हणून त्याची जागा संदेशाने भरून निघत नाही. गाव कुठे गेले, असे तुम्ही विचारता. जे आठ जण आले त्यांची नावे लिहून ठेवा, आणि उद्या त्यांच्यावर वेळ आली तर ग्रुपवर काही न लिहिता त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा.

प्रश्न : माझी मुलगी ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला खोली घेऊन राहते. बारावीनंतरचे हे तिचे दुसरे वर्ष. आम्ही निलंगा तालुक्यात शेती करतो. पहाटे उठून व्हॉट्सॲपवर पाहिले की तिचे ‘लास्ट सीन’, म्हणजे शेवटी ॲप उघडल्याची वेळ, कधी साडेबाराचे, कधी दीडचे दिसते. विचारले तर ‘डाउट विचारत होते’ म्हणते. दिवाळीच्या आधी एका टेस्टमध्ये तिला ७२० पैकी ६१० गुण पडले, तेव्हा आनंदाने मी ते स्टेटसला ठेवले, सगळ्यांनी कौतुक केले. अलीकडे ती गुणही सांगत नाही. ‘ठीक आहे’ एवढेच म्हणते. दीर म्हणतात, तिच्या मोबाइलचा पासवर्ड मागून घ्या. घ्यावा का?
— एक आई, लातूर जिल्हा

उत्तर : घेऊ नका. तुमच्या काळजीला मी जराही कमी लेखत नाही. जमिनीच्या तुकड्यावर घर चालवून लातूरची खोली, मेस आणि क्लासची फी भरणे म्हणजे काय, हे या भागात राहणाऱ्या कोणाला सांगायला नको. पण पासवर्डने तुम्हाला तिचे संदेश मिळतील आणि मुलगी आणखी लांब जाईल.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेला आहात. तिथेच मला उत्तर दिसते. ६१० गुण तुम्ही स्टेटसला ठेवले आणि त्यानंतर ती गुण सांगेनाशी झाली. तिच्या जागी जाऊन पाहा. ती फोनवर आईला गुण सांगते आणि तासाभरात ते मावशीला, आत्याला, शाळेतल्या जुन्या बाईंना, गल्लीतल्या चार घरांना कळतात. सगळे अभिनंदन करतात. स्टेटस चोवीस तासांत नाहीसे होते, पण ज्यांनी वाचले त्यांच्या लक्षात ६१० हा आकडा राहतो. पुढच्या टेस्टला ५४० पडले तर ती कोणाला सांगणार? आईला सांगणे आणि तालुक्याला सांगणे यांत तिच्या दृष्टीने आता फरक उरलेला नाही. तुम्ही दोघी बोलत होता तेव्हा तिसरे कोणी तिथे नव्हते, म्हणून ती बोलत होती. तुम्ही ते अभिमानापोटी केले, हे तीही जाणत असणार. तरीही तिने दार लावून घेतले आहे, आणि ते तुम्हालाच उघडून घ्यावे लागेल.

‘लास्ट सीन’विषयी एवढेच सांगते की त्यातून त्या वेळी ॲप उघडले होते यापलीकडे काहीही कळत नाही. ती मैत्रिणीला प्रश्न विचारत होती, झोप येईना म्हणून उगाच चाळत होती, की रडत होती, हे त्या आकड्यातून समजत नाही. तुम्ही पहाटे उठून आधी तो आकडा बघता आणि दिवसभर त्याचे अर्थ लावत बसता, हे मात्र समजते, आणि मला ती तुमचीही शिक्षा वाटते. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘लास्ट सीन’ आणि ‘ऑनलाइन’ दोन्ही लपवता येतात. तुमच्या मुलीला ते नक्कीच येत असणार, तरी तिने ते तुमच्यापासून लपवलेले नाही, याची नोंद घ्या.

खासगीपणा हवा असणे म्हणजे काही पाप लपवणे, असा समज आपल्या घरांत खोल रुजला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी दाखल केलेल्या खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा संविधानाने दिलेला मूलभूत अधिकार आहे आणि जगण्याच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी तो जोडलेला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास कंपन्यांना मनाई केली आहे. हे कायदे आई आणि लेकीच्या मध्ये येत नाहीत, आणि येऊही नयेत. पण पाळतीखाली वाढणाऱ्या मुलाचे काहीतरी बिघडते, एवढी समज त्यामागे आहे, आणि ती घरालाही लागू पडते. तुमची मुलगी तर आता अठराची झालीच असेल.

एका रविवारी लातूरला जा. शेंगदाण्याची चटणी, धपाटे, जे तिला आवडते ते न्या. ‘तुझे गुण मी लोकांना दाखवायला नको होते’ हे वाक्य स्पष्ट बोला. पोरीसमोर हे म्हणताना जड जाईल, तरी बोला. त्या दिवशी गुण विचारू नका. तिच्या खोलीत रात्री पंखा आवाज करतो का, मेसची भाजी कशी असते, कोणती मैत्रीण परत गावी गेली, असे काहीही विचारा आणि ती जे सांगेल ते निलंग्याला परतल्यावर कोणाजवळ बोलू नका. ते कोणालाच कळले नाही, हे तिला पुढच्या महिन्यात उमगेल. मग कदाचित एखादा वाईट आकडाही ती तुम्हाला सांगेल.

एक गोष्ट मात्र डोळसपणे पाहा. ती नीट जेवत नसेल, झोप उडाली असेल, ‘माझ्याकडून काहीच होणार नाही’ असे वारंवार म्हणत असेल, तर खासगीपणाचा विचार बाजूला ठेवून तिच्याजवळ राहायला जा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. तुम्हीही त्यावर बोलू शकता.

प्रश्न : मी आणि माझा भाऊ शेतात बसून ठिबकच्या पाइपांविषयी बोलत होतो. संध्याकाळी मोबाइलवर ठिबकच्याच जाहिराती. मोबाइल आपले बोलणे ऐकतो का? व्हॉट्सॲपवरचे कोणी वाचते का?
— एक शेतकरी, धाराशिव जिल्हा

उत्तर : व्हॉट्सॲपवरील संदेशांचा मजकूर २०१६ पासून अशा रीतीने कुलूपबंद होऊन जातो की पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज तो कोणालाही, खुद्द कंपनीलाही, वाचता येत नाही. मात्र तुम्ही कोणाशी, कधी आणि किती वेळा संपर्क केला, कोणत्या ग्रुपमध्ये आहात, हे मजकुराबाहेरचे तपशील त्या कुलपात नसतात. पोस्टमनने पत्र फोडले नाही, तरी कोणाला कोणाची पत्रे येतात हे त्याला ठाऊक असतेच, तसे हे आहे. जाहिरातीसाठी तुमचे बोलणे ऐकण्याची गरजही पडत नाही. तुमच्या भावाने दुपारी ठिबकचे दर शोधले असतील, दोघांचे मोबाइल एकाच ठिकाणी होते, हंगाम लागवडीचा आहे, आणि आपण ज्या संकेतस्थळांवर जातो त्यांतली असंख्य आपली हालचाल जाहिरात कंपन्यांना कळवत असतात. एवढ्यावरून अंदाज बांधता येतो.

यात ध्यानात ठेवण्याजोगे हे की तुमची माहिती केवळ तुमच्या हातून जात नाही. एखाद्या ॲपला मी माझ्या मोबाइलमधील सगळे नंबर पाहण्याची परवानगी देते, तेव्हा तुमचा नंबरही तिथे जातो आणि तुम्हाला कोणी विचारलेले नसते. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचारासाठी काम करणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात एका ॲपमार्फत फेसबुकवरील सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. त्यांतील बहुसंख्य लोकांनी ते ॲप कधी वापरलेच नव्हते, त्यांच्या एखाद्या मित्राने वापरले होते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपला माइक, ठिकाण आणि नंबरांची यादी उघडी आहे ते एकदा पाहा आणि जिथे कारण दिसत नाही तिथे बंद करा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. पत्नीला जाऊन चार वर्षे झाली, मुले बेंगळुरूला असतात. दिवसाचे चार-पाच तास फेसबुक आणि आमच्या १९७४ च्या मॅट्रिकच्या वर्गाच्या ग्रुपवर जातात. सुनेचे म्हणणे, हे व्यसन आहे आणि ही मैत्री खरी नाही. पण कंधारचा एक वर्गमित्र रोज दुपारी ‘चहा झाला का?’ असे लिहितो. तो एक दिवस लिहायचा राहिला तर मला करमत नाही. मात्र मे महिन्यात वादळाने दोन दिवस वीज आणि रेंज दोन्ही गेली तेव्हा मला स्वतःबरोबर बसताच येईना, याची भीती वाटली. खरे काय मानू?
— एक वाचक, परभणी

उत्तर : तुमच्या मित्राच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच मला तुमच्या पत्रात सर्वांत मोलाचा वाटला. पन्नास वर्षांपूर्वी ज्याच्या शेजारी बाकावर बसलात तो माणूस रोज तुमच्या चहाची चौकशी करतो. ती मैत्री खोटी आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि मोबाइल नसता तर ती कदाचित तुटूनही गेली असती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की जगात सहांपैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे. अशा काळात कोणाच्याही हातातील धागा तोडायला मी सांगणार नाही.

तुम्हाला ज्याची भीती वाटली ती गोष्ट मात्र वेगळी आहे. मराठीत एकाकीपणा आणि एकांत असे दोन शब्द आहेत आणि आपण ते अलीकडे एकमेकांच्या जागी वापरू लागलो आहोत. माणसांत राहूनही एकाकीपणा वाट्याला येतो. एकांत मात्र मुद्दाम राखावा लागतो आणि त्याचा सराव सुटला की तो सहन होईनासा होतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना एका रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटे केवळ विचार करत बसायला सांगितले आणि हवा असल्यास स्वतःला विजेचा सौम्य झटका देण्याचे एक बटण जवळ ठेवले. हा झटका नको म्हणून पैसे मोजू, असे ते आधी सांगून चुकले होते. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी सहा जणींनी तो निदान एकदा घेतला. तेव्हा दोन दिवसांच्या अंधारात तुमची जी तगमग झाली तीत लाज वाटण्यासारखे काही नाही. कोणालाही ते अवघडच जाते.

शिवाय ते अवघड व्हावे अशी व्यवस्थाही झाली आहे. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. पारावरच्या गप्पा दिवेलागणीला मोडतात. मोबाइलवर बोट फिरवत गेले की पुढचे आपोआप येतच राहते, ही रचना २००६ मध्ये अझा रास्किन या संगणकतज्ज्ञाने केली, आणि पुढे त्यांनीच तिच्याविषयी जाहीरपणे खंत व्यक्त केली. चार तास कुठे गेले ते तुम्हाला कळत नाही, कारण ‘आता पुरे’ असे सांगणारी कडच तिथे ठेवलेली नाही. ती तुम्हाला घालावी लागेल. माझ्यापुरते मी संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की मोबाइल स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवते आणि सकाळी चहानंतर काढते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने तर २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. एकट्याला जड जाणारे नियम शेजाऱ्यांबरोबर सोपे जातात; तुमच्या गल्लीत समवयस्क असतीलच.

अजिंठ्याला तुम्ही मुलांच्या सहली नक्की नेल्या असतील. तिथल्या विहारांत मधोमध मोठे दालन आहे आणि त्याच्या तीन बाजूंना भिक्षूंच्या लहान खोल्या कोरलेल्या आहेत. पावसाळ्याचे महिने तिथे काढणारा भिक्षू खोलीत शिरला की तिथे अंधार आणि दगडी शय्या, आणि बाहेर पाऊल टाकले की सगळा संघ. उंबरठा एकच. पुढच्या वेळी जाल तेव्हा चित्रांवरून नजर काढून त्या दारांकडे पाहा. तुमच्या घरात खोली आहे आणि मित्रांचे दालनही आहे; ग्रुप सतत खोलीतच वाजत राहिल्यामुळे मधला उंबरठा तेवढा पुसला गेला आहे.

म्हणून मोबाइल बंद करा असे न सांगता एक छोटी सूचना करते. उद्या दुपारी कंधारहून ‘चहा झाला का?’ आले की ग्रुपवर उत्तर देऊ नका. ग्रुपवर तुम्ही दोघे बोलत असता तेव्हा सगळा वर्ग ऐकत असतो, आणि वर्ग ऐकत असताना कोणी ‘गुडघे फार दुखतात’ किंवा ‘घरात बोलायला कोणी नाही’ असे लिहीत नाही. त्यांना फोन करा आणि चहाची चौकशी करून झाल्यावर लगेच ठेवू नका. त्यांच्या घरी कोण कोण असते, हे तुम्ही पत्रात कुठे लिहिलेले नाही. कदाचित तुम्हाला ठाऊकही नसेल. परभणीहून नांदेडपर्यंत रेल्वे आहे, तिथून कंधारला एसटी जाते. सकाळी निघालात तर दुपारच्या चहाला पोचाल.